लाखेचं सील

माझे वडील डाव्या हाताने मारत. उजव्या हाताची दोन बोटं कधीकाळी इंजिनाच्या पंख्यात गेली होती आणि उरलेल्या तीन बोटांत पाना धरण्यापुरताच जोर होता, म्हणून मारण्याचं काम डाव्याकडे आलं. ते मुळात डावखुरे नव्हते. त्यामुळे नेम चुकायचा आणि गालावर बसायची ती कानावर बसायची. माझा उजवा कान आजही अर्धाच ऐकतो. डॉक्टर म्हणतात वयामुळे, आणि मी मान डोलावते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. लष्करात मोटारी दुरुस्त करून ते गावी परतले आणि दिंद्रुडच्या रस्त्याकडेला पत्र्याचं शेड टाकून बसले. नट सोडवणं, चाक उतरवणं असली अंगमेहनतीची कामं ते स्वतः करत; कार्बुरेटर, पंप, प्लग ही नाजूक कामं माझ्याकडे. घरात मुलगा नव्हता, मी मॅट्रिकला आपटले होते आणि माझी बोटं बारीक होती. आता कुणी ऐकलं की म्हणतं, वा, त्या काळात मुलगी मेकॅनिक! डोंबलाचं कौतुक. अण्णांना फुकटचा मजूर मिळाला होता, एवढंच.

शेडच्या मागेच घर. दिवसभर ऐरणीवर हातोडा पडत असायचा आणि आत मायच्या हातची भाकरी थापली जायची, तिचा आवाजही काही फार वेगळा नव्हता. तो मिलोचा दुष्काळ होता. रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेची ज्वारी, मिळायचा आणि त्याची भाकरी थापता थापता फाटायची. माय तिला शिव्या देत पुन्हा गोळा करायची, पुन्हा थापायची. सोबत येसराची पातळ आमटी, तीही वाटीत मोजून, कारण आमटीला पाणी लागतं. भाकरी फाटली की माय चिडायची, माय चिडली की फुंकणी माझ्या पाठीत बसायची. अण्णांचा हात मायवर पडायचा, मायचा माझ्यावर, आणि मी शेडमागच्या कुत्र्याला लाथ घालायची. आमच्या घरात मारणं हा बोलण्याचाच एक प्रकार होता. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. पुढे जे झालं ते गावाने एका दिवसात केलं असं लोक म्हणतात, पण तशी सवय गावाला रोजची होती, एवढंच ध्यानात यावं.

गावच्या दूध सोसायटीची एक जुनी पिकअप होती. लष्कराच्या लिलावात घेतलेली, पेट्रोलवर चालणारी, पुढून हँडल मारून सुरू करायची. दुष्काळात जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, आणि रिकाम्या कॅनमधून आणि पिंपांतून गाडी पाणी आणू लागली. पाणी मिळायचं ते माजलगावच्या अंगाला, सिंदफणेच्या वाळूत खोदलेल्या विहिरीवर. तिथून भरून यायचं आणि शेवटी आमच्या गावाचा चढ चढायचा. त्या पाण्याला आंबट दुधाचा वास यायचा. तरी बायका त्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या.

गाडीचे ड्रायव्हर होते बिरूभाऊ. धनगराचे. त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात मेंढरं विकली आणि उरलेलं एक कोकरू खाऊन टाकलं, असं ते हसत सांगायचे. कुठेतरी कंत्राटदाराच्या ट्रकवर गाडी शिकले होते. गावातल्या मोठ्या घरांना एक धनगर सोसायटीची गाडी चालवतो हे सलत होतं. पेट्रोल कमी भरतंय अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा बिरूभाऊ स्वतः सोसायटीच्या ऑफिसात गेले. मी तेव्हा तिथे अण्णांचं बिल घेऊन उभी होते. ते सेक्रेटरींना म्हणाले, "रोज रोजची शंका नगं मला. टाकीच्या झाकनाला सील मारा. इलेक्शनला पेटीला मारतेत तसं."

सेक्रेटरी कायद्याचा माणूस. त्यांनी लगेच ठराव लिहिला, सुतळी आणली, लाख वितळवली. पेट्रोल भरलं की झाकण लावायचं, वरून सुतळीची चौकट, सगळ्या झाकणावर लाख ओतायची आणि त्यात सोसायटीचा शिक्का. सेक्रेटरींशिवाय सील कुणी फोडायचं नाही, हे ठरावातच होतं. पहिलं सील लागलं तेव्हा बिरूभाऊंनी झाकणाला हात जोडले. बायका हसल्या, मीही हसले.

त्यानंतर आठवड्याभरात गाडी दम सोडू लागली. रिकामी जाताना बरी जायची. परत येताना, पाचसहा कोस झाले की झटके खायची आणि चढावर येऊन गप्प. अर्धा-पाऊण तास उभी ठेवली की पुन्हा सुरू, पुन्हा थोडं अंतर, पुन्हा बंद. शेडमध्ये आणली की शहाण्यासारखी चालायची. अण्णांनी पंप उघडून पाहिला, पडदा ठीक. पाइपात फुंकर मारली, साफ. राहिला कार्बुरेटर. मी त्याची वाटी काढायची, जेटची भोकं केसाने साफ करायची, फ्लोट हलवून पाहायची, सुई बसते का बघायची. कचरा निघायचा चिमूटभर. अण्णा म्हणायचे, हाच. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा चढावर उभी. मग माझ्या कानाखाली, कारण मी नीट साफ केलं नाही. तीन वेळा साफ केलं, तीन वेळा खाल्ली. कार्बुरेटरचे सगळे भाग पेट्रोलमध्ये धुवायची आमची पद्धत. पण पेट्रोल मिळेना झालं, तेव्हा अण्णांनी फर्मान काढलं, "आता राकेलात धू." तसं धुवायला लागून जेमतेम चार दिवस झाले होते. हे एवढं लक्षात ठेवा, कारण मी ते विसरले.

त्या दिवशी सकाळी येणारी गाडी दुपारी दोनला आली. गाव सकाळपासून रिकामे हंडे घेऊन ऑफिसपुढे उन्हात बसलं होतं. गाडी थांबायच्या आत बायका पिंपांवर चढल्या. कुणीतरी कुणाला खाली ओढलं, कुणीतरी पितळी घागर फिरवली आणि ती पारूच्या डोक्यात बसली. पारू माझ्याच वयाची, नवी नवरी. तिच्या डोक्यातून रक्त भळभळून कॅनच्या उघड्या तोंडात पडताना मी पाहिलं. एका बाईने तो कॅन तसाच उचलून नेला. पारूला बैलगाडीत घालून दिंद्रुडच्या डॉक्टरकडे धाडलं. ती वाचली, पण त्या क्षणी ती मेली अशीच बातमी गावभर झाली. घागर कुणी फिरवली ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच सांगायचं नव्हतं. म्हणजे दोष द्यायला माणूस हवा होता.

बिरूभाऊंनी पाणी उतरवून गाडी सरळ आमच्या शेडला आणली. "अण्णा, कायबी करा, पर आज हिचं कायतरी करा. लोक मला जित्ता ठिवायचे न्हाईत." अण्णा मला म्हणाले, "खोल." मी कार्बुरेटर चौथ्यांदा खोलला. पारूचं डोकं डोळ्यांपुढून जात नव्हतं. वाटी रॉकेलच्या डब्यात बुचकळली, झटकली न झटकली, परत बसवली. बिरूभाऊंनी दोनदा हँडल मारलं, इंजिन सुरू झालं, अण्णांनी लगेच बंद केलं. तेवढ्यात रस्त्याने माणसं येताना दिसली. पुढे सर्जेराव, सोसायटीच्या चेअरमनचा मुलगा, गावातला पहिलवान. मागे चाळीस-पन्नास माणसं असतील.

"कावून थांबती बे गाडी रोज?" सर्जेरावने बिरूभाऊंची कॉलर धरली.

"मला काय ठावं, मालक? पेट्रोल येत न्हाई वर. अण्णाला इचारा."

"पेट्रोल येत न्हाई का राकेल येतंय? टाकीला सील हाय, पर पंपावरून ब्यारल कोन आनतंय? तूच ना? वाटंत इकून राकेल भरतो का बे?"

"ब्यारल बघा की!"

बॅरल आदल्या दिवशीच रिकामं झालं होतं. मग टाकी बघा, बिरूभाऊ म्हणाले. पण टाकीला सील आणि सेक्रेटरी बीडला गेलेले. सील फोडायचं नाही म्हणजे नाही, असं त्या रागातही दोघातिघांनी बजावलं. माणूस फोडायला ठराव लागत नव्हता. तेव्हा सर्जेरावची नजर माझ्याकडे वळली. "ए शकू, तू उघडतीस ना ते कारबेटर? त्यातलं पेट्रोल काढ. सांग काय हाय ते."

खरं सांगते, मी फुशारले. आयुष्यात पहिल्यांदा एवढे पुरुष माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. अण्णाही. मी वाटी सोडवली, त्यातलं घोटभर पेट्रोल काचेच्या पेल्यात ओतलं, जाणत्या माणसासारखा वास घेतला. मग वहीचं पान फाडून त्यावर दोन थेंब टाकले. पेट्रोल उडून जातं, कागद कोरा होतो; रॉकेल असेल तर तेलकट डाग राहतो. डाग राहिला. मी पान वर धरून सगळ्यांना दाखवलं.

"राकेल हाय," मी म्हणाले.

सर्जेरावने गाडीचं हँडल उपसलं. पहिला फटका बिरूभाऊंच्या पाठीत बसला, ते गुडघ्यावर आले. दुसरा खांद्यावर. ते ओरडत होते, "बिरोबाची आन, म्या न्हाई केलं!" त्यांचं ओरडणं ऐकवेना आणि मी तोंडावर हात दाबला. तिसरा फटका बसला तेव्हा माझी बोटं माझ्या नाकापाशी होती आणि त्या बोटांना रॉकेलचा वास येत होता. त्याच क्षणी सगळं कळलं. डबा माझ्या पायाशीच होता. आत्ताच त्यात वाटी बुडवली होती, आत्ताच, आणि वाटीच्या तळाला राहिलेलं तेच रॉकेल मी पेल्यात ओतलं होतं. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांनी माझं मनगट धरलं. "गप," एवढंच पुटपुटले.

पुष्कळ वर्षं मी मनातल्या मनात असं सांगत आले की अण्णांनी मनगट धरलं म्हणून मी बोलले नाही. त्यांनी धरलं होतं हे खरं आहे. पण उजव्या हाताने, त्या तीन बोटांनी. ती बोटं लहान पोरालाही धरून ठेवू शकली नसती. आणि तोंड तर कुणी धरलंच नव्हतं. मी बोलले नाही, कारण बोलले असते तर ते हँडल माझ्याकडे वळलं असतं, आणि त्याहून लाजिरवाणं म्हणजे, एवढ्या लोकांपुढे मी मूर्ख ठरले असते. माझ्या डोळ्यांपुढे आणखी सात फटके पडले. त्यातला एक उजव्या कोपरावर बसला, तेव्हा वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज आला. एक जबड्यावर बसला. लोक लाथा घालत होते ते वेगळंच. बिरूभाऊ ओरडायचे थांबले तेव्हा लोकही थांबले, आणि घरी गेले. बिरूभाऊंच्या बायको कोंडाबाई धावत आल्या, त्यांनी पदराने नवऱ्याचं तोंड पुसलं आणि आम्हा सगळ्यांकडे एकदाच नजर फिरवली. बिरूभाऊंना अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. त्या संध्याकाळी मायने मला ताट वाढलं, मी जेवले.

गाडी आता सर्जेराव चालवू लागला. नवं पेट्रोल आलं, ते सेक्रेटरींनी स्वतः आणलं, स्वतः सील मारलं. दुसऱ्याच दिवशी गाडी चढावर बंद. तिसऱ्या दिवशीही. लोक सर्जेरावला काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्याने मला सोबत बसवलं, म्हणाला, "तिथंच दुरुस्त कर." भरल्या पिंपांनिशी परत येताना चढाच्या मध्यावर गाडीने झटके खाल्ले आणि ती थांबली.

मी कार्बुरेटर उघडला. वाटी कोरडी. पंपाकडे येणारा पाइप सोडवला, थेंब नाही. पाइप तोंडात धरून जीव खाऊन फुंकलं. टाकीत बुडबुडे वाजले आणि तोंड काढताच पेट्रोल भळकन आलं. मी तिथेच खाली बसले. पाइप साफ, टाकीत पेट्रोल, मग ते येत का नव्हतं? फुंकर मारल्यावर का आलं? टाकीत आपण हवा भरली म्हणून आलं. म्हणजे आत हवा नव्हती. टाकीच्या झाकणाला सुईएवढं भोक असतं, पेट्रोल जाईल तशी त्यातून हवा आत येते. हे मला दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. मी मागे गेले, झाकणाकडे पाहिलं. त्यावर लाखेचा जाड थर आणि मधोमध सोसायटीचा शिक्का. भोक त्याखाली गाडलेलं. इतके दिवस आम्ही कार्बुरेटर उघडत होतो, आणि झाकणाला हात लावायचा नाही म्हणून ते एकच उघडून पाहिलं नव्हतं.

मी पान्याने सील फोडलं. झाकण सैल होताच दुधाचा घट्ट बसलेला कॅन उघडावा तसा फुस्स आवाज झाला आणि हवा आत ओढली गेली. सर्जेरावने मागून येऊन माझ्या तोंडात मारली. "सील फोडतीस रांडंचे? कुनाला इचारून?" ओठ फुटला. मी थुंकले आणि म्हणाले, "हँडल मार आता." त्याने मारलं. पहिल्याच फेऱ्यात गाडी सुरू झाली आणि सबंध चढ एका दमात चढली. सर्जेराव मूर्ख नव्हता. वर पोचता पोचता त्याला उमगलं. "गावात तोंड उघडलंस," तो समोर बघतच म्हणाला, "तर तुझ्या बापाचं शेड जाळीन."

गावात सगळे पाण्याला थांबलेच होते. मी खाली उतरले आणि ओरडून सांगितलं. सील होतं म्हणून गाडी थांबत होती. पेट्रोल चोख होतं. कागदावरचं रॉकेल माझ्या धुण्यातलं होतं, बिरूभाऊंनी काही केलं नव्हतं. तीनदा ओरडले, कारण पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही. अण्णा शेडमधून फॅनबेल्ट घेऊन आले आणि सगळ्यांदेखत मला झोडपलं. पाठीवर, पोटऱ्यांवर, मी जमिनीवर पडले तरी. पाचव्या-सहाव्या वेळी मी बेल्ट धरला आणि इतक्या जोरात ओढला की अण्णा तोंडावर आपटले, त्यांचे पुढचे दोन दात पडले. त्यानंतर त्यांनी मला कधी हात लावला नाही. शेडही कुणी जाळलं नाही. सेक्रेटरींनी ठराव केला की सील कायम ठेवावं, मात्र लाख ओली असताना त्यात दाभणाने एक भोक पाडावं. सर्जेराव पुढच्या निवडणुकीत संचालक झाला. आणि मी खरं बोलणारी पोरगी ठरले. आजही गावी गेले की कुणी म्हातारी तोंडावरून हात फिरवते, म्हणते, मार खाल्ला पर खरं बोलली गं.

पाठीचे वळ ओसरल्यावर मी अंबाजोगाईला गेले. बिरूभाऊ दवाखान्याच्या व्हरांड्यात खाटेवर होते. उजवा हात प्लास्टरमध्ये, जबडा बांधलेला, एक डोळा अजून लाल. खाटेशी कोंडाबाई बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, रॉकेल, कागद, सगळं. कोंडाबाईंनी चप्पल हातात घेतली. बिरूभाऊंनी डाव्या हाताने त्यांना थांबवलं.

"गाडीला काय झालतं?" त्यांनी विचारलं. जबड्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते.

मी सांगितलं. "सील म्याच मारायला लावलंतं," ते म्हणाले. मग कोंडाबाईंना म्हणाले, "डाक्टर म्हंतो कोपर आता वाकायचं न्हाई. हँडल कसं मारू, ते इचार त्याला."

मग त्यांनी मान वळवून चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "राकेल तुपलं हुतं, हे तुला कवा कळलं?"

गावात एवढ्या लोकांनी माझं ऐकलं, पण हे कुणीच विचारलं नव्हतं. अण्णांनी नाही, मायने नाही. मी ओठ उघडले. ओठावरची खपली ताणली गेली.

"नंतर," मी म्हणाले. "गाडी चढावर बंद पडली तवा."

त्यांनी डोळा मिटला. सुटकेचा असावा तसा एक श्वास त्यांच्या नाकातून बाहेर पडला.

"मंग तुपला काय दोष, बाय," ते म्हणाले. "चूक कुनाकूनबी हुती. कोंडे, पोरीला भाकर दे. सकाळपसून उपाशी आसंल."

कोंडाबाईंनी चप्पल खाली ठेवली, फडकं सोडलं, भाकरीवर चटणी घालून माझ्या हातात दिली. मी खाल्ली.

"आनखी घेतीस का?" त्यांनी विचारलं. मी हात पुढे केला.